पाच हजारांची सायकल आणि मिस्त्रींची मजुरी

सायकल हे गरिबाचे वाहन आहे, असे आपण इतक्या वर्षांच्या सवयीने म्हणत आलो आहोत की, या विधानाची फेरतपासणी करावी असे कोणाला वाटत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, २१ टक्के कुटुंबांकडे स्वयंचलित दुचाकी होती आणि ४.७ टक्के कुटुंबांकडे मोटार होती. हे आकडे आता जुने झाले आहेत. पण घरात सायकल असणे आणि ती रोजच्या कामाला उपयोगी पडणे, यांतले अंतर कोणतीच जनगणना मोजत नाही. अल्प उत्पन्नाच्या माणसाला त्याच्या शरीराला, त्याच्या कामाला आणि त्याच्या खिशाला जुळणारी सायकल शहरात मिळते काय, हा खरा प्रश्न आहे. गेल्या काही महिन्यांत एका स्नेह्यांसाठी अशी सायकल जुळवण्याचा योग आला. त्या निमित्ताने जो हिशेब हाती आला, तो पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढे ठेवण्यासारखा वाटतो.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते, या स्मरणरंजनात मला रस नाही. तो विषय आता मोटारीतून फिरणाऱ्यांनी वाटून घेतला आहे. माझे हे स्नेही आयुष्यभर छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे गेले, संगणक आले, तेव्हा ते मुद्रितशोधनाकडे वळले. आज वय सहासष्ट. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेखाली महिन्याला दोन हजारांच्या आसपास रक्कम हाती पडते. (या योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून एक हजार रुपये आहे. तेव्हा आमचे स्नेही भाग्यवानच म्हणायचे!) म्हणून ते अजूनही प्रुफे तपासतात. राहणे सातारा रस्त्यावर पद्मावतीजवळ आणि छापखाना सदाशिव पेठेत, म्हणजे अंतर साडेचार किलोमीटर. जून २०२५ मध्ये पुण्यात बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. जाऊन-येऊन वीस रुपये, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पाचशे रुपये. निवृत्तिवेतनाचा चौथा हिस्सा बसभाड्यात जातो, हे ध्यानात आल्यावर त्यांनी सायकलचा विषय काढला. खर्चाची मर्यादा त्यांनीच घातली, पाच हजार रुपये.

प्रथम आम्ही दोघे एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे चौदा हजारांची सायकल दाखवण्यात आली. तिला एकवीस गिअर होते, पुढच्या चिमट्यात धक्के शोषणारी स्प्रिंग होती, डिस्क ब्रेक होते. मात्र मडगार्ड नव्हते, कॅरिअर नव्हते, स्टँड नव्हता, दिवा नव्हता आणि घंटीही नव्हती. हे सर्व वेगळे घ्यायचे. प्रुफांचा गठ्ठा आणि येताना घ्यायची भाजी ठेवायची कोठे, या प्रश्नाला विक्रेत्याने पाठीवरच्या पिशव्यांचा विभाग दाखवला. त्या तरुणाचा त्यात काही दोष नाही. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणाऱ्यासाठी जी वस्तू तयार केली, ती त्याने दाखवली. दुकानाच्या एका कोपऱ्यात नेहमीची काळी, उंच दांडीची सायकल होती. ती दूधवाल्याची, गवंड्याची, सिलिंडर वाहणाऱ्याची सायकल. तिची घडण अनेक दशकांत फारशी बदललेली नाही. तिच्यावर टांग मारून बसायचे तर गुडघा शाबूत हवा. बाजाराने सायकलस्वारांचे हे असे दोन वर्ग करून ठेवले आहेत. मधला जो माणूस आहे, म्हणजे वय झालेला, साधे कपडे घालून कामाला जाणारा, चढावर दमणारा, ओझे थोडे पण रोज नेणारा, त्याची मागणी अर्थशास्त्राच्या भाषेत ‘परिणामकारक मागणी’ ठरत नाही. कारण तिच्यामागे पुरेसे पैसे नाहीत.

म्हणून आम्ही जुन्या बाजाराची वाट धरली आणि अकराशे रुपयांना आडव्या दांडीऐवजी खाली उतरत्या नळ्या असलेली एक जुनी ‘लेडीज’ सायकल घेतली. नळ्या गंजलेल्या नव्हत्या, चिमटा सरळ होता. बाकी सगळे खिळखिळे झालेले. आमच्या स्नेह्यांनी थोडी कुरकूर केली. सहासष्टाव्या वर्षी बायकांची सायकल चालवायची, लोक काय म्हणतील वगैरे. कोपऱ्यावरच्या टपरीतले मिस्त्री हातातले काम न थांबवता म्हणाले, “काका, गुडघा बाई-पुरुष बघून दुखतो का?” तो मुद्दा तेथेच निकालात निघाला.

वास्तविक या ‘लेडीज’ सायकलीचा इतिहास आपल्या चळवळींनी विसरू नये असा आहे. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत स्त्रियांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवण्यात आली. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, खेड्यांतल्या परिचारिका अशा हजारो स्त्रिया सायकलवर बसल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. पी. साईनाथ यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये देण्यात आले आणि मुरलीधरन व प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. सायकल दिली की काय घडते, हे यावरून दिसते. पण ती सायकल तीन-चार वर्षांनी मोडल्यावर काय होते, याची तरतूद योजनांच्या कागदांत क्वचितच असते.

आमच्या सायकलीकडे वळतो. मिस्त्रींनी ती उलटी करून हँडल आणि सीटवर उभी केली आणि मागचे चाक फिरवले. रिमला चांगलाच बाक आला होता. या जातीच्या सायकलींना पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० आरे असतात, कारण ओझे मागे असते. चिमट्याला खडू टेकवून, चाक हळूहळू फिरवीत, जेथे रिम खडूला घासते तेथला आरा ढिला आणि समोरचा घट्ट, असे करीत त्यांनी दीड तासात आउट काढला. हाताखाली कोणतेही यंत्र नव्हते. मधल्या एक्सलच्या वाट्यांना खड्डे पडले होते, म्हणून वाट्या, छर्रे आणि एक्सल नवीन घातले. कॉटर पिन कानशीने घासून इतकी नेमकी बसवली की पेडल जागचे हलेना. हे घासणे थोडे कमी झाले तर पिन आत जात नाही आणि जास्त झाले तर आठवड्यात ढिली होते. याला आपण ‘अकुशल काम’ म्हणतो!

स्नेह्यांची अडचण चढाची होती. पद्मावतीहून स्वारगेटकडे उतार आहे. म्हणजे संध्याकाळी, दिवसभराच्या कामानंतर, परत येताना चढ. सायकलीच्या पुढच्या चक्राला ४४ दात होते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पेडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल सुमारे ५.४५ मीटर पुढे जाते. मिस्त्रींनी फ्रीव्हील बदलून २२ दातांचे घातले. आता एका फेऱ्यात चाक बरोबर दोन वेळा फिरते आणि सायकल सुमारे ४.४५ मीटर जाते. मिनिटाला पन्नास फेरे मारले तर पूर्वी ताशी सोळा किलोमीटरच्या थोडा वर वेग मिळाला असता, आता साडेतेराच्या आत. साडेचार किलोमीटरला साडेतीन मिनिटे अधिक लागतील, आणि त्या बदल्यात पायावरचा जोर अठरा टक्क्यांनी कमी होईल. एकवीस गिअरांचे काम दीड-दोनशे रुपयांच्या एका फ्रीव्हीलने पूर्णपणे होते, असा माझा दावा नाही; या माणसाच्या या रस्त्यापुरते होते, एवढेच म्हणतो. सीटची उंची ठरवतानाही अशीच घासाघीस झाली. टाच खालच्या पेडलावर ठेवली असता पाय सरळ व्हावा, हा नियम गुडघ्याच्या हिताचा. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत, हा आग्रह आमच्या स्नेह्यांचा. शेवटी मिस्त्रींनी मधली जागा काढली आणि महिनाभराने सीट अर्धा इंच वर घेण्याचे वचन घेतले. दांड्यांचे ब्रेक पावसाळ्यात पोलादी रिमवर कमी धरतात, हा दोष मात्र राहिला आहे. उतारावर सावकाश जाणे हाच त्यावर उपाय.

आता एक गोष्ट अशी की, या सायकलीच्या कपाळावरची पट्टी केव्हाच गळून पडली आहे. ती लुधियानाची, आसनसोलची, मद्रासची की मुंबईत वरळीला तयार झालेली, हे सांगता येत नाही. तरीही नवा एक्सल, नवे फ्रीव्हील, नवी चेन, सगळे बसले. हे आपोआप घडलेले नाही. इंग्रजी धाटणीच्या या सायकलीची मापे आपल्या देशात जवळजवळ सार्वजनिक मालमत्ता झाली आणि लुधियानातल्या असंख्य छोट्या कारखान्यांनी ते भाग बनवले. कोणी छर्रे, कोणी पेडल, कोणी घंटी. लोहिया लहान यंत्राचा आग्रह धरीत, तेव्हा त्यांची चेष्टा करणारे पुष्कळ होते. पण मोठ्या कंपनीची वस्तू कोपऱ्यावरच्या टपरीत, भलत्याच कारखान्याच्या भागांनी दुरुस्त होऊ शकते, ही अर्थव्यवस्थेतील केवढी मोठी सत्ता आहे, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. २०१७-१८ मध्ये पुण्यात भाड्याच्या सायकली आल्या, मोबाईलने कुलूप उघडणाऱ्या. कंपन्या थोड्याच काळात निघून गेल्या. त्या सायकलींचे वेगळ्या घडणीचे भाग आमच्या मिस्त्रींच्या काही उपयोगाचे नव्हते. चीनमध्ये तर अशा सायकलींचे डोंगर साचल्याची छायाचित्रे सर्वांनीच पाहिली.

मालकीच्या प्रश्नाबाबत आपल्या पक्षात एक सोपे उत्तर नेहमी तयार असते, म्हणून थोडे कटू बोलतो. वरळीची हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन कंपन्यांचे १९८० साली कायदा करून राष्ट्रीयीकरण झाले. पुढे दोन्ही बंद पडल्या. आणि खासगी क्षेत्रातल्या अॅटलस कंपनीने आपला साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी, थांबवला आणि शेकडो कामगार घरी बसले. मालक सरकार की शेठ, एवढ्या एका मुद्द्यावर सायकलचा प्रश्न सुटलेला नाही. तिसरी वाटही होऊन गेली आहे. जर्मनीत १८९६ साली ओफेनबाख येथे कामगार सायकलस्वारांची ‘सॉलिडारिटेट’ नावाची संघटना स्थापन झाली. तिचे सभासद पुढे लाखांच्या घरात गेले आणि सभासदांसाठी सायकली तयार करणारा स्वतःचा सहकारी उद्योग तिने चालवला. १९३३ मध्ये नाझींनी ती मोडून काढली. कामगारांच्या सायकल संघटनेचीही हुकूमशाहीला भीती वाटते, हे नोंदवण्यासारखे आहे.

हिशेब आता मांडतो. जुनी सायकल ११०० रुपये. दोन टायर, दोन ट्यूब ८४०. फ्रीव्हील आणि चेन ३८०. वाट्या, छर्रे, एक्सल, कॉटर ३१०. ब्रेकची रबरे आणि दांड्यांची दुरुस्ती १९०. स्प्रिंगची सीट ४२०. कॅरिअर आणि पुढची टोपली ४६०. पुढचा-मागचा दिवा, रिफ्लेक्टर, घंटी ३५०. मजुरी ९००. एकूण ४,९५० रुपये. बसभाड्याच्या बचतीतून दहा महिन्यांत रक्कम वसूल होते. येथे थांबलो असतो तर एक गोड लेख झाला असता.

परंतु त्या ९०० रुपयांकडे पाहा. मिस्त्रींनी मागितले होते पाचशे. एकंदर काम अडीच दिवसांचे झाले. म्हणजे दिवसाला दोनशे रुपये. आग्रह करून नऊशे दिले, तरी दिवसाला तीनशे साठ पडले. पुण्यात गवंड्याच्या हाताखालचा मजूर याहून अधिक घेतो, आणि घ्यायलाच हवा. समजा, मिस्त्रींना दिवसाला आठशे रुपये दिले, तर मजुरी दोन हजार होते आणि सायकलीचा खर्च ६,०५० वर जातो. निवृत्तिवेतन दोन हजार असलेल्या माणसाला तो झेपत नाही. म्हणजे एका गरिबाची सायकल दुसऱ्या गरिबाच्या कमी मजुरीवर उभी आहे. कारखान्यात यंत्राने वस्तू स्वस्त होत जाते आणि दुरुस्ती मात्र माणसाच्या हातानेच करावी लागत असल्याने तुलनेने महाग होत जाते. विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात नाट्य-संगीतासारख्या कलांच्या संदर्भात मांडलेला हा विचार सायकलच्या टपरीलाही तंतोतंत लागू पडतो. मिस्त्रींचा मुलगा या धंद्यात आला नाही, घरपोच माल पोचवण्याच्या कामाला लागला, याचे कारण येथेच आहे.

तर मग मिस्त्रींना पूर्ण मजुरी आणि माझ्या स्नेह्यांना परवडणारी सायकल, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा साधायच्या? फ्रान्सच्या सरकारने मे २०२० मध्ये, टाळेबंदी उठताना, प्रत्येक जुन्या सायकलीच्या दुरुस्तीसाठी पन्नास युरोपर्यंतची रक्कम दिली. ती परस्पर दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती जाई. दहा लाखांहून अधिक सायकली त्यातून रस्त्यावर आल्या. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्के झाला, याचे स्वागत करू. पण त्याच वेळी ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. पाच हजारांच्या सायकलीवर साडेतीनशे रुपये वाचले. ऐंशी हजारांच्या मोटारसायकलीवर आठ हजार वाचले. आणि जुनी सायकल दुरुस्त करणाऱ्याला सुट्या भागांपलीकडे काहीच मिळाले नाही. महापालिकेने वर्षाला हजार रुपयांची दुरुस्ती-चिठ्ठी ज्येष्ठांना, विद्यार्थ्यांना, घरकामगार स्त्रियांना दिली आणि ती नोंदणीकृत मिस्त्रीकडेच वटवता येईल अशी अट घातली, तर हा पैसा एका कोपऱ्यातून निघून दुसऱ्या कोपऱ्यात, पण वॉर्डातच, राहील. वर केलेल्या हिशेबातले अकराशे रुपयांचे अंतर यातून बहुतांशी भरून निघते.

काही तरुण कार्यकर्ते म्हणतील की, हे दारिद्र्याचे उदात्तीकरण झाले. कामगाराला मोटारसायकल हवी असते आणि ती त्याने का घेऊ नये? अवश्य घ्यावी. चाकणला किंवा रांजणगावला पाळीवर जाणाऱ्याला मी सायकलीचा उपदेश करणार नाही. घर एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला, अशी शहराची रचना ज्यांनी केली, त्यांना जाब विचारायचा आहे, कर्जावर दुचाकी घेणाऱ्या मजुराला नव्हे. पण जो साडेचार किलोमीटरवर जातो, त्याला तरी रस्ता हवा. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये आठशेहून अधिक किलोमीटरच्या सायकल मार्गांचा आराखडा मंजूर केला. सातारा रस्त्यावर तर २००६ पासून, देशातल्या पहिल्या बीआरटी मार्गाबरोबर, सायकलींसाठी पट्टा आखला गेला. त्या पट्ट्यावरून आमचे स्नेही रोज जातात. वाटेत उभ्या केलेल्या गाड्या, फुटलेल्या फरशा, टेलिफोनचे खांब लागतात आणि मधूनच पट्टा संपतो, तेव्हा भर वाहतुकीत उतरावे लागते. आराखड्यातल्या किलोमीटरची बेरीज करणे सोपे असते.

आमच्या मिस्त्रींची टपरी फुटपाथच्या सुशोभीकरणात उठणार, अशी कुणकुण आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात पथविक्रेत्याची जी व्याख्या आहे, तीत माल विकणाऱ्यांबरोबर लोकांना सेवा देणाऱ्यांचाही समावेश आहे. म्हणजे पंक्चर काढणारा, चप्पल शिवणारा, कुलपाच्या किल्ल्या करणारा, हे सर्व तीत बसतात. सर्वेक्षण होईपर्यंत कोणाला उठवू नये, असेही तो कायदा सांगतो. प्रत्यक्षात भाजीवाले आणि खाद्यपदार्थवाले यांची नोंद व्हावी म्हणून संघटना धडपडतात आणि सायकल मिस्त्री मात्र एकेकटा असल्याने यादीतून निसटतो. कार्यकर्त्यांनी आपापल्या वॉर्डात एक दिवस फिरून अशा टपऱ्यांची यादी केली, किती वर्षे जागेवर आहेत याचे शेजाऱ्यांचे जबाब घेतले आणि ते नगर पथविक्रेता समितीपुढे ठेवले, तर ते मोर्चाइतकेच उपयोगी काम होईल. मिस्त्रींचा अर्ज आम्ही दोघांनी लिहिला आहे, मुद्रितशोधन अर्थातच स्नेह्यांनी केले आहे. शेजारच्या तीन दुकानदारांच्या सह्या झाल्या आहेत आणि चौथ्याची बाकी आहे.